चिमणीवरचा मामा

मोठा दुष्काळ संपला त्या साली सोलापुरात भवानी पेठेमागच्या बंद गिरणीच्या चिमणीवर ड्रॅगन येऊन बसला. ड्रॅगन हा शब्द हायस्कुलातल्या एका सरांनी नंतर सांगितला, आणि त्यानं काही फरक पडला नाही. पेठेत त्याला आधी लांबडं म्हणत, कारण सापाचं नाव घेऊ नये अशी आमच्याकडं रीत आहे. मग ते जरा जास्तच लांबडं आहे, त्याला पंख आहेत आणि जांभई दिली की तोंडातून जाळ येतो, हे लोकांच्या लक्षात आलं. तेव्हा त्याला पावणं म्हणायला लागले. पावणं म्हटलं की ते कधीतरी जातं, अशी त्यामागं आशा होती.

पावणं गेलं नाही. चिमणीला वेढे घालून बसायचं, आणि अमावास्या जवळ आली की खाली उतरून कुणालातरी उचलायचं. आधी म्हशी उचलल्या, मग माणसं. बंदोबस्ताला आलेले फौजदार छाती काढून चिमणीकडं चालत गेले. टोपी परत आली. सुताचं एक गोदाम तर त्यानं रागानं नव्हे, नुसतं शिंकून जाळलं.

बाहेरगावचे लोक विचारायचे, अरे मग तुम्ही पेठ सोडून जात का नाही? आता हातमाग खड्ड्यात रोवलेला असतो. तो डोक्यावर घेऊन कुठं जाणार? शिवाय मागावर लुगडं अर्धं झालेलं असायचं. एवढं उतरलं की जाऊ, असं म्हणत ते उतरायचं आणि तोवर कुणीतरी दुसरं चढवलेलं असायचं. माणसं अशीच राहतात.

आमच्या गल्लीत गुंडप्पाचा माग होता. गुंडप्पा, त्याची बायको ईरम्मा आणि लग्नाला आलेली मुलगी सिद्धव्वा. ईरम्माला भाऊ नव्हता. नागपंचमीला आमच्याकडं भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. त्या दिवशी गल्लीत पाहुण्यांच्या सायकली लागायच्या, बायका पिशव्या भरून उंबऱ्यात बसायच्या, आणि ईरम्मा वारुळाला दूध घालून आली की दार लोटून घ्यायची. बाहेरच्या घंट्या ऐकू येऊ नयेत म्हणून त्या दुपारी ती माग चालवायची. पंचमीला माग चालवू नये हे तिला माहीत होतं. कुणी काही बोलत नसे.

ते वारूळ गिरणीच्या आवारात होतं. पावणं आल्यावरही तिथंच राहिलं, कारण वारुळं जागा बदलत नाहीत. त्यामुळं त्या पंचमीला बाकीच्या बायकांनी पाटावर गंधाचा नाग काढून भागवलं, पण ईरम्मा दुधाची वाटी आणि लाह्या घेऊन निघाली. गुंडप्पा सोबतीला गेला. सोबतीचा उपयोग काय, असं सिद्धव्वानं विचारलं होतं. त्याला उत्तर मिळालं ते असं, की ईरम्मा वारुळासमोर वाकली आणि मागं फक्त सर्र असा आवाज झाला. वळून बघते तर नवरा धोतराच्या काष्ट्याला उलटा लटकलेला, आणि काष्टा पावण्याच्या दातात.

दुसरी कुणी असती तर पळाली असती. पळून फायदा नव्हता, पण पळाली असती. ईरम्मा दुधाची वाटी वर धरून ओरडली, "भाऊराया!"

पावण्याचा जबडा थांबला.

"मेव्हण्याला खातोस व्हय? पंचमीच्या दिवशी? बहिणीचं कुंकू पुसणारा भाऊ कुठल्या गावाला असतो रे?"

गुंडप्पा हळूहळू गोल फिरत होता. एकदा त्याचं तोंड बायकोकडं, एकदा दातांकडं. पावण्यानं मान कलती करून वाटीत डोकावलं. मग त्यानं गुंडप्पाला खाली ठेवलं, फेकलं नाही, ठेवलं, आणि जिभेच्या टोकानं त्याचं धोतर नीट केलं. वाटीतलं दूध प्यायलं. लाह्या हुंगल्या. आणि विहिरीच्या तळातून यावा तशा आवाजात पहिल्यांदा बोललं.

"अक्का, साखर कमी हाय."

अक्का म्हणजे थोरली बहीण. हा शब्द ऐकून ईरम्मा मटकन खाली बसली. भीतीनं नव्हे. तिला आजवर कुणी अक्का म्हटलंच नव्हतं.

त्या दिवसापासून भवानी पेठेतलं माणूस त्यानं खाल्लं नाही. बहिणीचं सासर आहे म्हणाला. बाकीच्या पेठांबद्दल आम्हाला वाईट वाटायचं, पण फार नाही. दिवाळीला तो ओवाळून घ्यायला आला आणि ओवाळणी म्हणून छोट्या लायनीचं एक रेल्वे इंजिन ताटाशेजारी ठेवलं. गल्ली बंद झाली. कुर्डुवाडीहून रेल्वेची माणसं साखळदंड घेऊन आली. कुणी आणलं, विचारलं. आम्ही वर बोट केलं. त्यांनी वर बघितलं, मग इंजिनाला हात लावून बघितलं आणि म्हणाले, "हे आमचं न्हवं." ईरम्मा त्यावर पापड वाळत घालायची.

तो क्रूर होता, पण बेशिस्त नव्हता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर झालं.

माघात सिद्धव्वाला टेंभुर्णीचं स्थळ आलं. रेवण्णा नावाचा मुलगा, हायवेला मोटारी दुरुस्त करायचा. बघायला आला तेव्हा नखांत काळं ग्रीस होतं. सिद्धव्वा म्हणाली, "हात धुऊन यायचं न्हाई व्हय?" तो म्हणाला, "धुऊनच आलोय." दोघं हसले. तिथंच जमलं. टिळ्याची तयारी सुरू झाली तेव्हा शेजारची रंभाबाई काठी टेकत आली. पेठेतली सगळ्यात म्हातारी बाई. रीतभात सगळी तोंडपाठ, बाकी सगळं चुकीचं पाठ.

"मामाला इचारलं का?" रंभाबाई म्हणाली.

आमच्यात भाचीवर मामाचा पहिला मान. मामाशी भाचीचं लग्न होतं, आणि मामाला करायची नसली तरी दुसरीकडं देण्याआधी त्याला विचारावं लागतं. विचारायचं, तो "द्या की चांगलं घर बघून" म्हणतो, विडा खातो, झालं. गल्लीत आजवर एकाही मामानं दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

"आज्जी, त्यो मामा चिमणीवर ऱ्हातोय," सिद्धव्वा म्हणाली.

"म्हणून काय मामा न्हाई व्हय? उद्या कळलं, की न इचारता दिली, मग? मान राखायला काय जातंय?"

हे सगळ्यांना पटलं. पेठेतल्या शहाण्या माणसांनीही मान डोलावली. एका आग ओकणाऱ्या जनावराला केवळ चांगल्या वळणाची माणसं म्हणून आपण होऊन असा प्रश्न विचारायला जाणं, हे फक्त आमच्याकडंच होऊ शकतं.

ईरम्मा आणि गुंडप्पा नारळ, विडा घेऊन गेले.

"भाऊराया," ईरम्मा म्हणाली, "सिद्धव्वाला टेंभुर्णीचं स्थळ आलंय. पोरगं गुणी हाय. पर मामाचा मान पयला, म्हणून आलो. तुला करायची हाय का?"

त्यानं नारळ करवंटीसकट चावला. पेठेकडं बघितलं. सिद्धव्वा अंगणात मागाच्या कांड्या भरत होती, ती एवढीशी दिसत होती.

"करतो," तो म्हणाला.

"काय करतो?" गुंडप्पानं विचारलं.

"लगीन."

वारा पडलेला होता. गुंडप्पाच्या हातातला विडा आपोआप वाळून चुरचुरला, एवढी त्या एका शब्दाला धग होती.

"हितं वर... हितं कशी ऱ्हाईल पोर?" ईरम्मा म्हणाली.

"राणीवानी."

"किती दिस?" गुंडप्पा म्हणाला. बापानं विचारावा असा हा प्रश्न नव्हे, पण निघून गेला.

"टिकंल तितके."

मग मान खाली आणून तो गुंडप्पाच्या अगदी तोंडाशी बोलला. "रीत तुमची हाय. इचारायला तुमीच आला. मोडायची असंल तर सांगा, मीबी मोकळा." आणि पंचमीला काष्टा धरायच्या आधी बघितलं असेल तसं त्यानं गुंडप्पाकडं बघितलं. मग गुंडप्पाच्या खांद्यावरून आमच्या घरांकडं. एकेक घर नीट बघितलं.

घरी रड उठली. गुंडप्पा म्हणाला पळून जाऊ, आणि मागाकडं बघून गप्प झाला. लोक दारात जमले. कुणी म्हणालं, पोरीला कुर्डुवाडीहून गाडीत बसवून लांब पाठवा. मग आमचं काय, असं त्यालाच दुसरा म्हणाला. मग सगळे सिद्धव्वाकडं अशा नजरेनं बघायला लागले, जणू ती अजून समोर आहे आणि आपल्याला तिची आठवणही यायला लागली आहे.

सिद्धव्वा मात्र रंभाबाईसमोर जाऊन बसली. "आज्जी, कुठल्याबी मामाला चालतं व्हय?"

"कुठल्याबी कसं चालंल? आईचा धाकटा भाऊ पायजे. थोरला असला म्हंजे त्यो बापाच्या जागी. धाकट्या बहिणीची पोर त्याला लेक लागती. तिच्यासंगं लगीन म्हंजे जलमाचं पाप."

"मग ह्यो थोरला का धाकटा?"

"अक्का म्हणतोय की तुझ्या आईला. धाकटाच."

"त्याच्या पाठीवर शेवाळ हाय, आज्जी."

"शेवाळ काय, पावसाळ्यात माझ्या न्हाणीतबी येतंय."

तर दुसऱ्या दिवशी परत माणसं चिमणीखाली. ईरम्माचा जन्म इंग्रजांनी गावात मार्शल लॉ लावला त्या सालचा, हे पेठेला माहीत होतं. गुंडप्पानं हात जोडून विचारलं, "पत्रिका जुळवायची हाय. आपला जन्म कवाचा?"

"मार्शल लॉच्या फुडल्या सालचा," तो लगेच म्हणाला.

लगेच म्हणाला म्हणजे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. रीत त्यालाही पाठ होती. तो खोटं बोलतोय हे सगळ्यांना कळलं, आणि आता त्याला खोटं कोण म्हणणार, याचा विचार करत सगळे घरी आले. फौजदारांची टोपी अजून चौकीत खुंटीला होती.

लग्न वैशाखात ठरलं. पावण्यानंच ठरवलं.

हळदीच्या दोन दिवस आधी रेवण्णा आला. दारात उभा राहिला. सिद्धव्वा कांड्या भरत होती, तिनं वर बघितलं नाही.

"घरच्यांनी मोडलं म्हणून सांगायला पाठवलंय," तो म्हणाला.

"मग सांग."

"सांगितलं."

"जा मग."

"मोटार बंद पडलीय."

"तू मेकॅनिक हायस न्हवं?"

"व्हय. म्हणून तर बंद पाडता येती."

तिनं चरखा थांबवला. त्याला पाणी दिलं. तो उंबऱ्यावर बसून पाणी पीत राहिला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून गॅरेजच्या गोष्टी सांगत बसला. "आमच्याकडं एक म्हातारा ड्रायव्हर येतोय. वय इचारलं की पन्नास सांगतोय. आता पन्नास म्हणायचं तर त्याचा नातू चाळिशीचा हाय. पण कुणी जुन्या लॉरीबद्दल चुकीचं बोललं की बास. मग त्याला ऱ्हावत न्हाई. पयल्या लढाईतल्या लॉरीपासनं सुरू करतोय. आमी मुद्दाम चुकीचं बोलतो."

सिद्धव्वा त्याच्याकडं बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की त्यानं तोंडावरून हात फिरवला, ग्रीस लागलंय का म्हणून.

"मोटार परवापर्यंत बंद ठेव," ती म्हणाली.

हळदीचा मांडव गिरणीमागच्या मैदानात घातला. घालणाऱ्यांचा एक डोळा चिमणीवर होता, त्यामुळं एक मेढ तिरकी झाली ती तशीच राहिली. सकाळी तो चिमणीवरून उतरला. एकेक वेढा सुटत गेला आणि चिमणी प्रथमच नुसती चिमणी दिसली. मांडवाच्या चारी बाजूंनी अंग टाकून, डोकं आत घेऊन तो बसला. म्हणजे सगळं वऱ्हाड त्याच्या कुंपणात. बाहेर जायला वाट नव्हती.

हळद लावायला सवाष्णींनी लांब दांड्याच्या केरसुण्या केल्या होत्या. हळद लावली की अंगाच्या उष्णतेनं वाळायची आणि पापुद्रे होऊन खाली पडायची. कपाळाला झेंडूचं तोरण बांधलं होतं, फुलं एकेक करून करपत होती. समोर पाटावर सिद्धव्वा, तिच्या शेजारी, सिद्धव्वानं हट्टानं बसवलेली, रंभाबाई. रंभाबाईला कशाचाच पत्ता नव्हता. तिला कुणीतरी पुढं बसवलं याचाच आनंद होता.

"आज्जी," सिद्धव्वा मोठ्यानं म्हणाली, "लई गप्प गप्प वाटतंय. पयल्या काळाचं कायतरी सांगा की. ही चिमणी कवाची?"

"चिमणी व्हय?" रंभाबाईनं पदर सावरला. "मी लगीन होऊन आले तवा बुटकी होती. ह्या पोराएवढी. मग वाढली."

ड्रॅगनची एक पापणी हलली.

"वाढली?" सिद्धव्वा म्हणाली.

"मग? धूर लागला की वाढतीया. आता गिरणी बंद पडली, तवा खुंटली."

डाव्या नाकपुडीतून धुराची बारीक रेघ निघाली. ईरम्माच्या हातातली हळदीची वाटी खाली आली. तिनं लेकीकडं बघितलं. लेक रंभाबाईकडं बघत होती.

"आन् आगगाडी, आज्जी?"

"आगगाडी पयल्यांदा आली ती बैलं जोडून. कुर्डुवाडीला बैलं बदलायची. इंजिन मागनं शोधलं, बैलांना चारा मिळंना म्हणून."

"असं—" ड्रॅगनच्या घशात काहीतरी घरघरलं. जमिनीत त्याच्या नख्या रुतल्या. एक मेढ कडाडली.

सिद्धव्वा त्याच्याकडं वळली. हळद लावलेले हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते. आवाज मात्र सरळ होता. "तुमाला काय म्हाईत मामा. तुमी तवा न्हवता."

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत आम्ही सगळे दिसत होतो, उलटे.

"व्हय," तो म्हणाला. "न्हवतो." आणि तोंड मिटलं. मिटलेल्या तोंडाच्या फटीतून जाळाची जीभ बाहेर येऊन आत गेली.

मागच्या रांगेत कुणीतरी स्तोत्र म्हणायला लागलं आणि त्याला गप्प केलं. फसलं होतं. त्याला कळलं होतं. सिद्धव्वाच्या ओठावर घाम आला. ती पुढचं विचारेचना. गुंडप्पानं डोळे मिटून घेतले. मैदानात फक्त हळदीचे पापुद्रे पडल्याचा आवाज.

पण रंभाबाईला आता थांबवायचं तर काठीच लागली असती. कुणी विचारलं नव्हतं, तरी तीच पुढं झाली.

"आन् त्यो किल्ला! किल्ल्याचं कुणाला म्हाईतच न्हाई. तिथं आधी नुसती बाग होती. कण्हेरीची फुलं. पोरं फुलं तोडून न्यायची. तवा इंग्रज सायब म्हणाला, घाला भित्ताड! ते घातलं. बुरूज कशाला, तर माळ्याला लांबनं पोरं दिसावी म्हणून. त्योच किल्ला. काय लढाई न् काय राजा, सगळी थाप—"

"बाई!"

मांडवाचं कापड वर उडून परत खाली आलं.

"कसली बाग! कसली कण्हेर! कसला इंग्रज!" त्याचं डोकं मांडवाबाहेर गेलं, झेंडूचं तोरण तुटून कुणाच्या तरी गळ्यात पडलं. "उघडा माळ होता! इंग्रजाचा पणजा जलमला न्हवता! पयला दगड लावला तवा मी तितं निजलो होतो! निजलेल्याला उठवायची रीत न्हाई त्या गवंड्यांना, बुरूज आणला तो थेट माझ्या शेपटीवर! ती सोडवून घ्यायला तीन पावसाळं गेलं! ह्यो बघा वळ!"

आणि शेपूट उचलून त्यानं आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर धरली. वळ होता. बैलगाडी जाईल एवढा रुंद.

पेठेतले सगळे माग त्या दिवशी बंद होते, त्यामुळं शांतता किती आहे ते नीट कळत होतं.

शेपूट हळूहळू खाली आली.

"असं," तो म्हणाला, "आमच्यातलं थोरलं सांगायचं."

"आन् शेपूट?" रंभाबाई म्हणाली. "ती बी थोरल्यांचीच व्हय?"

मग तो उठला. चारी बाजूंचं कुंपण एकदम वर गेलं, सूर्य झाकला. त्यानं श्वास आत घेतला तेव्हा मांडवातल्या बायकांचे पदर त्याच्याकडं ओढले गेले. आम्ही जमिनीवर पडलो. पहिला लोट वरून गेला आणि मांडवाचं कापड नव्हतंच असं झालं, मेढी तेवढ्या मेणबत्त्यांसारख्या जळत उभ्या. दुसरा खाली येणार हे सगळ्यांना माहीत होतं. रेवण्णा कुठून आला कळलं नाही, सिद्धव्वाच्या पुढं पाण्याची बादली घेऊन उभा होता. एक बादली. समोर केवढं जनावर. त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, इंजिन तापलं की पाणीच घालतात.

"भाऊराया," ईरम्मा म्हणाली.

ती उभीच होती. दोन्ही हात हळदीचे.

"रीत आमी मोडली असंल तर खुशाल जाळ. आमी मोडली न्हाई. तुझं वय तूच सांगितलंस." मग तिचा आवाज बदलला. "पर मला सांग, मला अक्का कशाला म्हणलास रे? पोरीसाठी?"

"न्हाई." वरून आवाज आला. "पोरीचं मागनं सुचलं."

"मग?"

मेढीवरचे निखारे पडत राहिले.

"दूध दिलंस. वाढती ती थोरली असती."

"येडा हायस," ईरम्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, धगीनं गालावरच वाळत होतं. "धाकट्याबी वाढतात. मी जलमभर थोरला भाऊ मागितला देवाकडं. धाकटा नगं होता मला, धाकट्याला आपणच बघावं लागतंय. थोरला पायजे होता. पंचमीला दारात येऊन उभा ऱ्हाणारा. आन् तू मिळालास तो वय चोरून." तिनं पदरानं नाक पुसलं. "तंगी म्हण मला."

तंगी म्हणजे धाकटी बहीण, थोरल्या भावाला अण्णा म्हणणारी. तो शब्द एकदा तोंडातून गेला, की सिद्धव्वा त्याची लेक. हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि पडल्या जागी आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या घशातला जाळ खालून वर, वरून खाली होताना दिसत होता. गुंडप्पा नंतर सांगायचा की एवढा वेळ तो काष्ट्याला लटकला होता तेव्हाही लागला नव्हता.

मग ड्रॅगननं तो जाळ गिळला. मोठा आवंढा होता, मैदान हललं.

"तंगी," तो म्हणाला.

सिद्धव्वा तिथंच रडत बसली, आणि रंभाबाई म्हणाली, "मी सांगतच होते की."

आता मांडव होता, म्हणजे मेढी होत्या. हळद लागलेली मुलगी होती. लागलेली हळद तशी ठेवू नये. ड्रॅगनचं डोकं खाली आलं, रेवण्णाच्या बादलीशी.

"ह्यो कोण?"

"टेंभुर्णीचा," सिद्धव्वा म्हणाली. "मोटार बंद पडलीय त्याची."

"पोरीला तरास दिलास तर—"

"न्हाई देत," रेवण्णानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मामा मुलीच्या पाठीशी उभा राहतो, तसा तो उभा राहिला. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्या मुलानं नवरीकडं बघायचं असतं. रेवण्णानं तिच्याकडंच बघितलं, वर बघितलं नाही. हा आमच्या माहितीतला पहिला नवरा, ज्याची नजर एकदाही ढळली नाही.

मामा थोरला आहे हे जाहीर झाल्यावर बाकीच्या पेठांतल्या बायकांना सुचलं. थोरल्या भावाला भाची मागता येत नाही, म्हणजे धोका उरला नव्हता. पुढच्या पंचमीला गिरणीच्या दारापासून पार वेशीपर्यंत दुधाच्या वाट्या घेऊन रांग लागली. तो दिवसभर दूध पीत राहिला. संध्याकाळपर्यंत सोलापुरातले सगळे पुरुष त्याचे मेव्हणे झाले होते. खायला परकं माणूस उरलं नाही. अमावास्येला तो चिमणीवर बसून गावाकडं असा बघायचा, की आम्हालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. मग त्याला कडब्याच्या पेंढ्या लावून दिल्या. आवडत नाहीत, पण खातो.

पण त्याआधी, सकाळीच, रांग लागायच्याही आधी, तो आमच्या गल्लीत आला होता. सायकली भिंतीला टेकवलेल्या होत्या, त्यांना धक्का न लावता डोकं तिरकं करून आत घेतलं आणि ईरम्माच्या दारात थांबला. ती उंबऱ्यातच बसली होती. मांडीवर भरलेली पिशवी. माग बंद.

"कवा येशील?" गुंडप्पानं विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "माहेरी चाललेय. सांगता येत न्हाई."

पंचमीला आमच्याकडं बायका झोका खेळतात. दुपारी गल्लीनं वर बघितलं. चिमणीच्या टोकावरून शेपूट खाली सोडलेली, तिच्या वेढ्यात, बरोबर वळावर, ईरम्मा बसलेली, आणि झोका एकदा गिरणीच्या पत्र्यांवर जायचा, एकदा आमच्या घरांवर. गुंडप्पा खाली मान वर करून उभा होता.

"घट्ट धर गं!" तो ओरडला.

वरून तिचा आवाज आला, पण तो नवऱ्याला नव्हता. "अण्णा, आजून उंच!"